यंत्राला भाषांतर शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

बोटाला चिमट्यासारखे छोटे उपकरण लावले, की काही सेकंदांत रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण पडद्यावर उमटते. करोनाच्या साथीत हा पल्स ऑक्सिमीटर घराघरांत पोहोचला. मधुमेहींच्या घरातला ग्लुकोमीटर, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजणारे यंत्र, मनगटावरचे स्मार्ट घड्याळ आणि खिशातला मोबाइल ही सगळी त्याच जातकुळीतली उपकरणे. यांच्या पोटात एक इवलीशी चिप असते आणि पुष्कळदा ती ‘आर्म’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेची असते. चिपला कळते ते फक्त शून्य आणि एक. उपकरण बनवणारा अभियंता मात्र आपल्या सूचना माणसाला वाचता येतील अशा भाषेत लिहितो. मधले भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामला कम्पायलर म्हणतात, तर सूचनांमधली चूक नेमकी कुठे दडली आहे हे शोधायला मदत करतो तो डीबगर. आर्म चिपसाठी जगभर वापरली जाणारी अशी कितीतरी साधने मोफत आणि खुली आहेत. त्यांची मूळ आज्ञावली कोणीही वाचू शकतो, सुधारू शकतो आणि केलेली सुधारणा सर्वांसाठी परत पाठवू शकतो.

आज हे अंगवळणी पडले आहे. पण यंत्र स्वतःच असे भाषांतर करील, ही कल्पना पाऊणशे वर्षांपूर्वी जाणकारांनाही पटत नव्हती. ती खरी करून दाखवणाऱ्यांमध्ये अग्रभागी होत्या अमेरिकी नौदलातील गणितज्ञ ग्रेस हॉपर.

घड्याळे उघडणारी मुलगी

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत त्या थोरल्या. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी ते उघडले. पुन्हा जोडता येईना म्हणून दुसरे उघडले, मग तिसरे. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळे सुटी झाली होती. आईने ओरडा केला नाही. यापुढे एकच घड्याळ उघडायचे, एवढी अट घातली.

वडील विमा व्यवसायात होते. रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होण्याच्या विकारामुळे त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. तरी कृत्रिम पाय आणि काठ्यांच्या आधाराने त्यांनी काम चालू ठेवले. आपल्या माघारी मुलींना कोणावर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून मुलाइतकेच शिक्षण मुलींनाही मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी तो सर्वसामान्य नव्हता.

सोळाव्या वर्षी व्हासार कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत ग्रेस लॅटिन विषयात मागे पडल्या. वर्षभर थांबून १९२४ मध्ये त्यांनी प्रवेश मिळवला आणि १९२८ मध्ये गणित व पदार्थविज्ञान घेऊन पदवी घेतली. पुढे येल विद्यापीठातून १९३० मध्ये एम. ए. आणि १९३४ मध्ये गणितात पीएच. डी. केली. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे १९४५ मध्ये घटस्फोट झाला, पण हॉपर हे आडनाव त्यांनी कायम ठेवले. व्हासारमध्ये गणित शिकवताना विद्यार्थिनींना समजेल अशा शब्दांत अवघड गोष्ट मांडण्याची जी सवय त्यांना लागली, ती पुढच्या आयुष्यात फार उपयोगी पडली.

४८ किलोंची लेफ्टनंट

१९४१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. ग्रेस यांचे पणजोबा नौदलात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांनाही नौदलातच जायचे होते. पण वय पस्तिशीकडे झुकलेले, आणि वजन अवघे १०५ पौंड, म्हणजे सुमारे ४८ किलो. नियमापेक्षा १५ पौंड कमी. शिवाय गणित शिकवणाऱ्यांनी वर्गातच राहावे, असे सरकारचे धोरण. त्यांनी खास सवलत मिळवली, कॉलेजची रजा काढली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या महिला राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या आणि १९४४ च्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली झाली.

तिथे ‘मार्क १’ हे यंत्र होते. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन सुमारे पाच टन. सेकंदाला तीन बेरजा करायचे. एका गुणाकाराला सहा सेकंद घ्यायचे. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी फितीवर भोके पाडून. एक भोक चुकीच्या जागी पडले तरी सारे उत्तर चुकायचे. युद्धकाळात हे यंत्र रात्रंदिवस चाले. तोफांच्या माऱ्याची कोष्टके, जहाजांसंबंधीची गणिते आणि अणुबॉम्बच्या रचनेसाठी लागणारे एक किचकट गणितही त्यावर सोडवले गेले. हॉपर यांनी या यंत्राची ५६१ पानांची माहितीपुस्तिका तयार केली. ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढच्या ‘मार्क २’ या यंत्राची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९४७ मध्ये ते बंद पडले, तेव्हा एका रिलेमध्ये अडकलेली पाकोळी सापडली. यंत्र चालवणाऱ्यांनी ती काढून नोंदवहीत चिकटपट्टीने डकवली आणि खाली खऱ्याखुऱ्या किड्याची पहिली नोंद अशा अर्थाचा विनोदी शेरा लिहिला. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. ‘बग’ आणि ‘डीबग’ हे शब्द हॉपर यांनी शोधले असे अनेकदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची पद्धत एडिसनच्या काळापासून होती. पाकोळीही हॉपर यांना सापडलेली नव्हती. त्यांनी ती गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगितली, एवढेच.

व्यसनाच्या विळख्यात

युद्ध संपले आणि हॉपर यांच्यापुढचा रस्ता धूसर झाला. लग्न मोडले होते. वय जास्त म्हणून नौदलाच्या कायम सेवेत त्यांना घेतले गेले नाही. हार्वर्डमध्ये स्त्रीला वरची कायम जागा मिळण्याची आशा नव्हती आणि कराराची मुदत १९४९ मध्ये संपत होती. कामाचा ताण भयंकर होता. या काळात त्यांचे मद्यपान वाढत गेले. नव्या नोकरीसाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दारूच्या नशेत असताना पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. प्रकरण रुग्णालयापर्यंत गेले. मनात आत्महत्येचे विचार येण्यापर्यंत त्यांची अवस्था झाली होती, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे.

दारूचे व्यसन हा तेव्हा चारित्र्याचा दोष समजला जाई; अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तो आजार असल्याचे जाहीर केले ते १९५६ मध्ये. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातील अल्कोहोलची पातळी पुरुषापेक्षा अधिक चढते आणि इजा लवकर होते. त्यात स्त्रीने पिणे म्हणजे दुहेरी बदनामी, म्हणून आजार लपवला जातो आणि उपचार लांबतात. आपल्याकडेही हे चित्र फारसे वेगळे नाही. हॉपर यांच्या बाबतीत सहकाऱ्यांनी त्यांची साथ सोडली नाही. हार्वर्डपासूनचे मित्र एडमंड बर्कली यांनी त्यांना सविस्तर पत्र लिहून, त्यांच्या गुणांची आठवण करून देत, दारू सोडण्याची कळकळीची विनंती केली. नोकरी टिकली. ज्या कामासाठी जग त्यांना ओळखते, ते सगळे काम यानंतरचे आहे.

नकलेतल्या चुका आणि कम्पायलर

फिलाडेल्फियात एकर्ट आणि मॉकली यांची कंपनी ‘युनिव्हॅक’ हा संगणक बनवत होती. पुढच्याच वर्षी ती रेमिंग्टन रँडने विकत घेतली. तिथे प्रोग्राम लिहिणाऱ्यांची एक रीत होती. वर्गमूळ, साइन, लॉगॅरिदम अशी नेहमी लागणारी गणिते एकदा नीट लिहून झाली, की ती वहीत उतरवून ठेवायची. नव्या प्रोग्रामात गरज पडली, की वही उघडून नक्कल करायची. पण प्रत्येक वेळी स्मृतीतल्या जागांचे आकडे बदलावे लागत. म्हणजे नक्कल आली आणि बेरीजही आली, आणि माणूस दोन्हींत चुकतो. हाताने लिहिलेला ‘बी’ हा तेरासारखा दिसे, रिकाम्या जागेचे त्रिकोणी चिन्ह चारसारखे दिसे. डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी औषधाच्या दुकानात चुकीची वाचली जावी, तसेच हे.

हॉपर यांचा विचार सरळ होता. नक्कल आणि बेरीज यांतच जर यंत्र माणसापेक्षा सरस आहे, तर हे काम यंत्रानेच का करू नये? त्यांनी तपासून पक्के केलेले तुकडे चुंबकीय फितीवर साठवले आणि प्रत्येकाला एक खुणेचे नाव दिले. आता प्रोग्राम लिहिणाऱ्याने फक्त नावे क्रमाने द्यायची. तुकडे शोधणे, एकामागे एक लावणे आणि जागांचे आकडे भरणे संगणक करणार. एक अडचण उरली. पुढे येणाऱ्या, अजून न जुळवलेल्या तुकड्याकडे उडी मारायची असेल, तर त्याचा पत्ता आधी कसा कळणार? हॉपर कॉलेजात बास्केटबॉल खेळल्या होत्या. चेंडू थेट पोहोचत नसेल, तर मधल्या खेळाडूकडे देऊन पुढे पाठवतात. तसेच त्यांनी स्मृतीचा एक कोपरा राखून ठेवला. उडी आधी तिथे मारायची. पुढचा तुकडा जुळला, की त्याचा खरा पत्ता त्या कोपऱ्यात भरायचा.

१९५१-५२ मध्ये तयार झालेल्या या प्रोग्रामला त्यांनी ‘ए-०’ म्हटले आणि त्याच्या कामासाठी ‘कम्पायलर’ हा शब्द वापरला. आजच्या व्याख्येने तो पूर्ण कम्पायलर नव्हता. जुळवाजुळव करणारा प्रोग्राम होता. इतरत्रही असे प्रयत्न चालू होते आणि आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने केलेला ‘फोरट्रान’ १९५७ मध्ये आला. पण हॉपर यांनी दार उघडले होते. संगणक आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहीत नाही, असे तेव्हा त्यांना सांगितले जाई. चालता कम्पायलर हाताशी असूनही तो वापरायला कोणी तयार नव्हते.

१९५३ मध्ये ‘ए-२’ आला, आणि आजच्या विषयाशी थेट जोडणारी घटना इथे घडली. हा कम्पायलर ग्राहकांना मूळ आज्ञावलीसह देण्यात आला आणि सुधारणा कराल तर त्या आम्हाला कळवा, असे आवाहन केले गेले. ‘ओपन सोर्स’ हा शब्द जन्मण्याच्या चार दशके आधीची ही गोष्ट. खुल्या सॉफ्टवेअरच्या इतिहासात ए-२ चा उल्लेख अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत होतो तो यामुळे. वहीतली चूक एकट्याला दिसत नाही, दहा जणांनी वाचली तर कोणाला तरी दिसते, हा अनुभव त्यामागे होता.

सामान्य माणसाची भाषा

पुढची पायरी अधिक धाडसी होती. वेतनपत्रक किंवा मालाची नोंद ठेवणाऱ्या माणसाला गणिती चिन्हांची भीती वाटते. मग त्याने साध्या इंग्रजी शब्दांत सूचना का देऊ नयेत? १९५५ च्या सुरुवातीला हॉपर यांनी असा नमुना कंपनीपुढे ठेवला. त्यातले शब्द बदलून तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन भाषांतही चालतो, हेही दाखवले. यंत्राला सगळ्या भाषा सारख्याच, हा त्यांचा मुद्दा. पण अमेरिकेत बनलेल्या संगणकाला फ्रेंच किंवा जर्मन कळावे, हे वरिष्ठांना भलतेच वाटले आणि केवळ इंग्रजीचे आश्वासन द्यावे लागले. यातून ‘फ्लोमॅटिक’ ही भाषा घडली.

१९५९ च्या मे महिन्यात पेंटागॉनमध्ये संगणक कंपन्या आणि सरकारी खात्यांची बैठक झाली. प्रत्येक कंपनीच्या संगणकाला वेगळी भाषा नको, सर्वांना चालणारी एकच व्यावहारिक भाषा हवी, असे ठरले. त्यातून ‘कोबोल’ जन्मली. ती समितीने घडवली, पण तिचा पाया बऱ्याच अंशी फ्लोमॅटिकचा होता आणि हॉपर सल्लागार होत्या. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर जवळजवळ जसाच्या तसा चालवून दाखवण्यात आला. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांचे व्यवहार पुढे दशकानुदशके या भाषेवर चालले. २००० साल जवळ आले तेव्हा वर्षाचे दोनच आकडे साठवणारे जुने कोबोल प्रोग्राम दुरुस्त करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आले आणि मुंबई-पुण्यातल्या कितीतरी तरुण अभियंत्यांची पहिली कमाई त्यावर झाली.

देखभालीचे काम

१९६६ च्या अखेरीस, साठाव्या वर्षी, नौदलाने हॉपर यांना निवृत्त केले. सात महिन्यांत परत बोलावले, सहा महिन्यांसाठी. ते सहा महिने एकोणीस वर्षे चालले. निमित्त होते कोबोलच्या गोंधळाचे. भाषा एक असली तरी प्रत्येक कंपनीचा कम्पायलर तिचा थोडा वेगळा अर्थ लावी. हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कम्पायलरची परीक्षा घेणारे प्रोग्राम तयार केले. कम्पायलर प्रमाणित भाषेप्रमाणे वागतो की नाही, हे त्यातून तपासता येऊ लागले. नवी भाषा शोधण्याइतके हे चमकदार काम नाही. पण साधन विश्वासार्ह राहते ते अशाच कामामुळे.

याच वर्षांत त्या देशभर व्याख्याने देत फिरल्या. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे त्या श्रोत्यांना वाटत. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात, फार तर एवढेच अंतर कापतो. उपग्रहामार्फत संदेश जायला वेळ का लागतो, हे त्या नौदलाच्या अधिकाऱ्यांना याच तारेने समजावत. त्यांच्या कार्यालयात उलटे फिरणारे घड्याळ होते. नेहमीची पद्धत हीच एकमेव पद्धत नसते, हे येणाऱ्याला आपोआप कळावे म्हणून.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये, ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ या ऐतिहासिक जहाजावर, रिअर अॅडमिरल हॉपर निवृत्त झाल्या. वय ७९. नौदलातील त्या तेव्हाच्या सर्वांत वयस्कर कार्यरत अधिकारी होत्या. लगेच त्यांनी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत सल्लागाराचे काम धरले. १ जानेवारी १९९२ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचे नाव देण्यात आले आणि २०१६ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर मिळाला.

आर्मपर्यंतचा धागा

हॉपर नौदलात होत्या तेव्हाच, एप्रिल १९८५ मध्ये, इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत पहिली आर्म चिप तयार झाली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ती जाणीवपूर्वक साधी ठेवली होती. ती इतकी कमी वीज घेई, की पहिल्या चाचणीत वीजपुरवठा जोडायचा राहून गेला तरी इतर जोडण्यांतून झिरपणाऱ्या विजेवर ती चालत होती. चिपमधल्या सूचना थोड्या आणि साध्या ठेवायच्या, तर बाकीचा भार कम्पायलरवर येतो. म्हणजे आर्म चिप साधी राहू शकते ती तिच्यामागे हुशार कम्पायलर उभा असतो म्हणून. योगायोग असा, की हॉपर यांची शेवटची कंपनी डिजिटल हिनेच १९९६ मध्ये ‘स्ट्राँगआर्म’ ही तेव्हाची वेगवान आर्म चिप बाजारात आणली.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी हा डीबगर आणि १९८७ मध्ये जीसीसी हा कम्पायलर सर्वांसाठी खुला केला. आज दोन्ही आर्मसाठी वापरले जातात. ऑक्सिमीटरसारख्या उपकरणाची चिप केबलने लॅपटॉपला जोडायची, डीबगरने तिला हव्या त्या सूचनेपाशी थांबवायचे आणि त्या क्षणी तिच्या पोटात कोणते आकडे आहेत ते वाचायचे. रुग्णाचा ईसीजी पाहावा तसे. २०११ मध्ये आर्मची ६४ बिटांची नवी रचना जाहीर झाली, तेव्हा ही साधनेही नव्याने शिकवावी लागली. हे काम कंपन्यांचे पगारी अभियंते आणि हौसेने काम करणारे लोक मिळून, वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्यांची नावे उपकरण वापरणाऱ्याला कधी कळत नाहीत.

या देखभालीचा आरोग्याशी संबंध काय, हे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात दिसले. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या ‘थेरॅक-२५’ या यंत्राने सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट अधिक किरणोत्सर्ग दिला. काही जण त्यातून दगावले. त्यातले नियंत्रणाचे सॉफ्टवेअर मुख्यतः एकाच माणसाने लिहिलेले होते, त्याची स्वतंत्र तपासणी झाली नव्हती आणि जुन्या यंत्रातल्या सुरक्षेच्या यांत्रिक कड्या भरवशावर काढून टाकल्या होत्या. रुग्णांच्या तक्रारीही सुरुवातीला खऱ्या मानल्या गेल्या नाहीत.

औषधाची परिणामकारकता एका डॉक्टरच्या शब्दावर मान्य होत नाही. ती इतरांना तपासता यावी लागते. उपकरणाच्या आतल्या आज्ञावलीलाही हाच नियम लावावा लागतो, आणि ती घडवणाऱ्या कम्पायलरला तर आधी. साधन उघडे ठेवून वापरणाऱ्यांकडून दुरुस्त्या मागण्याची जी रीत हॉपर यांच्या ए-२ ने १९५३ मध्ये घातली, तिचा आधार आज बोटाला लावलेल्या त्या छोट्या चिमट्यालाही आहे.